पूर्वोपचारविराम

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर सहा वर्षं आहे. त्यातल्या पहिल्या पाच वर्षांत माझ्या हातून घडलेलं सगळ्यात मोठं नैतिक कार्य म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ.

ही समिती काय करते ते आधी सांगतो, कारण मलाही ते कळायला बराच वेळ लागला. एखाद्या डॉक्टरला नवं औषध माणसांना देऊन तपासायचं असेल, तर त्याला आधी या समितीपुढे यावं लागतं. लोकांना धोका किती आहे, त्यांना नीट सांगितलंय का, नको म्हणायची मोकळीक आहे का, हे समिती बघते आणि मग परवानगी देते. समितीत डॉक्टर असतात, एक वकीलबाई असतात आणि नियमाप्रमाणे एक जण असा लागतो ज्याला यातलं काही कळत नाही. ती जागा माझी. रुग्ण ज्या कागदावर सही करतो ते संमतिपत्र साध्या माणसाला समजतं की नाही, हे साध्या माणसानेच वाचून सांगावं, अशी त्यामागची कल्पना.

घोळ एवढाच झाला की साधा माणूस म्हणून त्यांनी भाषेचा मास्तर नेमला.

चौतीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवून मी निवृत्त झालो होतो. शिकवायला मुलं उरली नव्हती, पण चुका काढायची सवय ठणठणीत होती. बायकोने लिहिलेल्या वाणसामानाच्या याद्या मी दुरुस्त करून देऊ लागलो, तेव्हा तिने याद्या लिहिणंच सोडलं आणि सगळं तोंडी सांगायला लागली. अशात रुग्णालयाचं पत्र आलं. मी ते वाचलं, त्यातल्या दोन चुका सुधारल्या आणि होकार कळवला.

बैठक महिन्यातून एकदा, तिसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत व्हायची. तिथला एसी कमी करता यायचा नाही, त्यामुळे वकीलबाई शाल घेऊनच यायच्या. डॉक्टर मंडळी डोस, यकृत, मूत्रपिंड यावर तासभर बोलायची. मी माझी पाळी येईपर्यंत थांबायचो. शेवटी अध्यक्ष, म्हणजे हृदयविकाराचे एक वयस्कर डॉक्टर, माझ्याकडे वळून म्हणायचे, "मास्तर, भाषेचं काय?" मग मी कागद काढून वीस-बावीस दुरुस्त्या वाचायचो आणि सगळे भराभर माना डोलवायचे. मला वाटायचं, माझ्या व्यासंगाला दाद मिळतेय. खूप पुढे लक्षात आलं की तोवर बाहेर चहा आलेला असायचा.

गुडघेदुखीच्या गोळीचा अभ्यास आमच्यापुढे आला तो असाच एका बैठकीत. तो घेऊन आली होती हाडांची एक तरुण डॉक्टरीण. हुशार, कामसू, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. संमतिपत्र तिने स्वतः लिहिलं होतं. नवी गोळी सुरू करण्याआधी जुन्या वेदनाशामक गोळ्यांचा असर शरीरातून जावा लागतो, म्हणून तिने चौथ्या पानावर लिहिलं होतं: "नवी गोळी सुरू करण्याआधी चौदा दिवस गुडघ्यासाठी घेत असलेल्या दुखण्याच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतील. बाकी सगळी औषधं चालूच ठेवा."

वाचून माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. "चालूच ठेवा" हे आपण पंख्याबद्दल म्हणतो. शास्त्रीय अभ्यासाला काही भारदस्तपणा नको का? मी दोन संध्याकाळी त्या वाक्यावर घालवल्या आणि त्याचं असं केलं: "पूर्वोपचारविराम: अभ्यासारंभापूर्वी सहभागी व्यक्तीने चौदा दिवस पूर्वोपचारांपासून विराम घेणे अपेक्षित आहे." दुसरं वाक्य मी काढूनच टाकलं. मला ती पुनरुक्ती वाटली.

"सर, हे जरा जड नाही होत?" डॉक्टरीण म्हणाली.

"जड नाही, नेमकं आहे," मी म्हणालो. "वाचून वाचून सवय होते."

तिची समितीपुढची ती तिसरी खेप होती. आधी दोनदा तिला आकडेवारीसाठी परत पाठवलं होतं. ती दमली होती. तिने अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी दाराकडे पाहिलं, आणि माझं वाक्य मंजूर झालं. इतिवृत्तात नोंद झाली की भाषाशुद्धीबद्दल समितीने मास्तरांचे आभार मानले. त्या पानाची झेरॉक्स काढून मी घरी नेली. बायकोने चष्मा लावून तो शब्द दोनदा वाचला आणि विचारलं, "हा शब्द आहे की मालगाडी?"

तिला भाषेची जाण नाही, असं मनाशी म्हणून मी झेरॉक्स फाईलला लावली.

आता वहिनींबद्दल. माझा थोरला भाऊ नऊ वर्षांपूर्वी गेला. वहिनी तेव्हापासून एकट्या राहतात आणि घराखालच्याच गाळ्यात त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, घट्ट झालेलं सैल करणं, अशी कामं. तीस वर्षं पायाने मशीन चालवून त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. शिक्षण सातवीपर्यंत, पण हिशेबाला आणि माणसं ओळखायला पक्क्या. फक्त माझ्या बाबतीत त्यांची पारख जरा चुकते. दिराने चार पुस्तकं वाचलीत म्हणजे त्याला सगळं कळतं, असं त्या धरून चालतात, आणि तो गैरसमज दूर करण्याची मी कधी घाई केली नाही.

एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो, तर त्यांना खुर्चीतून उठता येईना. मी लगेच गोळीच्या अभ्यासाबद्दल सांगितलं.

"नवी गोळी म्हणता, भाऊजी. काही वेडंवाकडं नाही ना होणार?"

"अहो वहिनी, त्या समितीवर मी आहे," मी म्हणालो. "माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एक कागद पुढे सरकत नाही."

कागद नजरेखालून गेले होते, हे खरं. पण बाकीचे सदस्य यकृतावर होणारे परिणाम बघत होते, तेव्हा मी यकृतातला "कृ" नीट छापलाय का ते बघत होतो. हे मी वहिनींना सांगितलं नाही. बायको शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चहाचे कप उचलून आत गेली.

पुढच्या आठवड्यात वहिनी रुग्णालयात गेल्या. तिथल्या नर्सने त्यांना संमतिपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं आणि विचारलं, "काही शंका?" वहिनी नाही म्हणाल्या आणि त्यांनी सही केली. निघताना त्यांनी चौथ्या पानाचं काय ते पुन्हा विचारलं, तेव्हा नर्सने तिला जे समजलं होतं ते सांगितलं: "आधीची औषधं चौदा दिवस घ्यायची नाहीत." तिचा तरी काय दोष. तिच्याकडेही माझंच वाक्य होतं.

वहिनी शब्दाच्या पक्क्या. घरी येऊन त्यांनी सगळी औषधं एका डब्यात भरली आणि डबा कपाटात वर टाकला. गुडघ्याच्या गोळ्या, आणि त्यांच्यासोबत अकरा वर्षं रोज सकाळी न चुकता घेतलेली रक्तदाबाची गोळीसुद्धा.

नवव्या दिवशी मी सहज फोन केला. "डोकं जरा जड आहे," त्या म्हणाल्या. "पण विराम घेतेय."

मला वाटलं, आराम करतायत. मला बरं वाटलं.

बाराव्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाइकाला कोट देताना त्यांना भोवळ आली आणि काउंटरच्या कडेला आपटून त्या खाली पडल्या. शेजारच्या चपला शिवणाऱ्याने त्यांना उचलून रिक्षात घातलं. आम्ही पोचलो तेव्हा त्या तातडीच्या विभागात पडून होत्या. रक्तदाब भलताच चढलेला, नाकातून रक्त येऊन गेलेलं आणि उजवं मनगट मोडलेलं.

"आजी, बीपीची गोळी कधीपासून बंद केली?" तिथल्या डॉक्टरने विचारलं.

"तुम्हीच सांगितलं ना बंद करायला," वहिनी म्हणाल्या आणि डाव्या हाताने पर्समधून घडी घातलेलं संमतिपत्र काढलं. "चौथं पान."

डॉक्टरने चौथं पान वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग, मी जरा सुशिक्षित दिसतो म्हणून असेल, कागद माझ्यापुढे धरून त्याने विचारलं, "काका, याचा अर्थ काय होतो?"

आणि मी, चौतीस वर्षं पोरांना "मोठ्याने आणि स्पष्ट बोला" असं सांगणारा मी, म्हणालो, "मी विचारून सांगतो."

घरी परतल्यावर कुलूप उघडताना बायको म्हणाली, "तुमचाच ना तो शब्द?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग विचारणार कुणाला होतात?"

अशी घटना घडली की समितीला अहवाल द्यावा लागतो. तो पुढच्या बैठकीत आला. त्यात लिहिलं होतं की सहभागी महिलेने सूचनेचा चुकीचा अर्थ लावून स्वतःचं नेहमीचं औषध थांबवलं, अभ्यासातली गोळी तिने अजून घेतलेलीच नव्हती, सबब घटनेचा अभ्यासाशी संबंध नाही. नाव नव्हतं, फक्त क्रमांक. एकतीस.

मी घरून ठरवून आलो होतो की गप्प बसायचं. कारणंही तयार होती. वहिनी आता बऱ्या आहेत. अहवाल डॉक्टर मंडळींनी लिहिलाय, आपण त्यात कोण बोलणार. शिवाय "चुकीचा अर्थ लावून" हा वाक्प्रयोग व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होता.

अध्यक्षांनी अहवाल वाचला आणि विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?" एक सदस्य म्हणाले की लोक लक्ष देऊन वाचतच नाहीत. दुसऱ्यांनी मान हलवली. मी समोर बसलेल्या डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. तिच्यापुढे फाईल होती आणि फाईलमध्ये तिचं जुनं संमतिपत्र होतं; "बाकी सगळी औषधं चालूच ठेवा" हे वाक्य मला माझ्या जागेवरून उलटं दिसत होतं. तिने ते पान नुसतं वर धरलं असतं तरी काम झालं असतं. पण ती खाली बघून बसली होती. तिला वाटत असणार, म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत कशाला उघडं पाडा. माझ्या नातीच्या वयाची म्हणता येणार नाही, पण माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची नक्की होती. तिने मला सांभाळून घ्यावं, याची मला एकदम लाज वाटली.

"ही बाई माझी वहिनी आहे," मी म्हणालो. "तिला अभ्यासात मीच पाठवलं. आणि तिने चुकीचा अर्थ लावलेला नाही. वाक्याचा तोच अर्थ होतो. वाक्य माझं आहे. डॉक्टरांचं मूळ वाक्य बरोबर होतं, ते मी खोडलं."

मग वकीलबाईंनी शाल सावरत विचारलं, "तुमचे नातेवाईक या अभ्यासात आहेत, हे तुम्ही आधी का सांगितलं नाहीत?"

"सुचलं नाही."

"आज अहवाल वाचायला सुरुवात झाली तेव्हा?"

"तेव्हा सुचलं होतं. पण धीर झाला नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग मला बाहेर जाऊन बसायला सांगितलं, कारण निर्णय होताना मी आत असणं बरोबर नव्हतं. मी व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसलो. शिपाई चहा घेऊन आला, मला बाहेर बघून त्याला नवल वाटलं. "मास्तर, आज लवकर सोडलं?" मी म्हणालो, "नाही, वर्गाबाहेर उभं केलंय." तो हसला. मीही हसलो.

पाऊण तासाने निर्णय झाला. अभ्यासात नवीन कुणाला घ्यायचं नाही आणि आजवर सही केलेल्या सगळ्यांना आजच फोन करायचे. असे सेहेचाळीस जण होते. फोन डॉक्टरीण, नर्स आणि दोन शिकाऊ डॉक्टर मिळून करत होते, आणि मी शेजारी बसून यादीवर खुणा करत होतो. वहिनींशिवाय आणखी सात जणांनी नेहमीची औषधं बंद केली होती. त्यातला एक गृहस्थ मधुमेहाचा होता. त्याने इन्सुलिन थांबवून दोन दिवस झाले होते. फोनवर तो म्हणाला, "तहान फार लागतेय, पण म्हटलं विरामामुळे असेल." त्याला तासाभरात रुग्णालयात आणलं. तो वाचला. मात्र त्या दिवसानंतर मला तो शब्द उच्चारता येत नाही. वर शीर्षक म्हणून लिहितानासुद्धा हात अडखळला.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांच्या हातात राजीनामा ठेवला. चांगला झाला होता. तीन परिच्छेद.

त्यांनी वाचून परत केला. "मास्तर, हे फार सुंदर लिहिलंय," ते म्हणाले, "आणि म्हणूनच मला शंका येते. परवानगीवर आम्हा सगळ्यांच्या सह्या आहेत. तुम्ही वाक्य बिघडवलंत, आम्ही ऐकलंसुद्धा नाही. तुम्ही एकटे गेलात तर आम्ही सगळे मोकळे होऊ. ते नको. आधी कागद नीट करा."

कागद नीट करायला वेळ लागला नाही, कारण मुख्य काम माझ्या दुरुस्त्या काढून टाकायचं होतं. डॉक्टरीणबाई वाचत गेली आणि मी खोडत गेलो. मधे एकदा ती म्हणाली, "सर, इथे मात्र तुमचा अनुस्वार बरोबर आहे." मी म्हटलं, राहू दे.

तो नवा कागद घेऊन मी वहिनींच्या दुकानात गेलो. मनगटाला प्लॅस्टर होतं. टाके घालता येत नव्हते, म्हणून त्या डाव्या हाताने जुन्या कपड्यांची बटणं कापून बरणीत टाकत बसल्या होत्या. सहा आठवडे त्यांची सगळी कामं पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याकडे गेली, आणि त्यातली काही गिऱ्हाइकं परत आली नाहीत. हे त्यांनी मला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं.

"वहिनी, हे वाचून काय समजतं ते सांगाल का?"

त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर थांबल्या. "निम्म्या लोकांना औषध नसलेली, नुसती तशी दिसणारी गोळी मिळेल. कुणाला कोणती, हे डॉक्टरांनाही माहीत नसेल." त्यांनी मान वर केली. "म्हणजे मला नुसतीच गोळी मिळाली असती?"

"शक्यता होती. निम्मी."

"हे आधीच्या कागदात होतं?"

"होतं."

"काय लिहिलं होतं?"

मी घसा साफ केला. "निर्द्रव्य तुल्यगुटिका."

"मला वाटलं, गुटिका म्हणजे लहान गोळी. म्हाताऱ्या माणसांना लहान देत असतील."

मी माफी मागितली. कशी मागायची ते घरून घोकून गेलो होतो, पण ऐनवेळी "वहिनी, चुकलं माझं" एवढंच आलं. शब्द बोजड होता, सोपा असता तर हे झालं नसतं, असं काहीबाही मी पुढे बोलत राहिलो.

"शब्दाचं सोडा हो, भाऊजी," त्या म्हणाल्या. "गोळी बंद केली ती शब्दामुळे, ते खरं. पण सही मी तशीही केली असती."

"का?"

"तुम्ही पाठवलं होतं. तुमच्या समितीचं काम. घरच्या माणसानेच नाही म्हटलं तर तुम्हाला तिथे काय वाटलं असतं?" त्यांनी एक बटण बरणीत टाकलं. "मला ती गोळी तेव्हाही नको होती. भीती वाटत होती."

मी पंधरा दिवस एका शब्दाचं ओझं घेऊन फिरत होतो आणि मनातल्या मनात त्या ओझ्याचा थोडा अभिमानही वाटायला लागला होता, की बघा, एका शब्दात केवढी ताकद असते. आता कळलं की खरी अडचण शब्दाच्या आधीच उभी होती, छाती पुढे काढून. तिला खोडायला खोडरबर नसतं.

"आता सांगा," मी म्हणालो. "अभ्यास पुन्हा सुरू होतोय. तुम्हाला यायचं असेल तर डॉक्टर घेतील. नको असेल तर नको म्हणा. मला काही वाटणार नाही."

"खरंच नाही वाटणार?"

"थोडं वाटेल. पण तुम्ही नको म्हणा."

"नको," वहिनी म्हणाल्या आणि कागद माझ्या हातात दिला. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

समितीने मग नियम केला की सदस्यांनी आपल्या नातलगांना किंवा ओळखीच्यांना कुठल्याही अभ्यासात पाठवायचं नाही. नियमात माझं नाव नाही, पण वाचताना प्रत्येक जण एकदा माझ्याकडे बघतो. वहिनींच्या उपचारांचा खर्च रुग्णालयाने केला. रोज व्यायाम करून त्यांचे गुडघे थोडे सुधारले, फार नाही.

अभ्यास पाच महिने लांबला. आधी दहातले नऊ जण सही करायचे, नव्या कागदावर सहाच करायला लागले. डॉक्टरीणबाई एकदा जिन्यात भेटली तेव्हा कावलेली होती.

"सर, लोक आता फार प्रश्न विचारतात."

"मग?"

"मग काय. उत्तरं द्यावी लागतात." ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबून म्हणाली, "काही प्रश्न मलाही आधी पडले नव्हते."

आता दर मंगळवारी मी बाह्यरुग्ण विभागातल्या हॉलमध्ये बसतो. कुठलंही नवं संमतिपत्र आलं की मंजुरीआधी ते तिथल्या पाच अनोळखी माणसांना वाचायला द्यायचं, त्यांना काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत उतरवायचं, आणि तोंड बंद ठेवायचं. हे शेवटचं मला सगळ्यात कठीण जातं.

गेल्या मंगळवारी एक टॅक्सीवाला भेटला. पोटाच्या दुखण्यासाठी नंबर लावून बसला होता. मी त्याला एका नव्या औषधाचं पत्रक दिलं. त्याने बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली, मधे दोनदा मागे गेला, आणि मग विचारलं, "काका, म्हणजे हे औषध घेऊन मला फायदा होईलच असं नाही?"

"नाही."

"पुढे दुसऱ्या कुणाला होईल?"

"झाला तर."

"आणि मधेच सोडलं तर डॉक्टर रागावणार नाहीत, असं लिहिलंय. खरं आहे?"

मला उत्तर देता आलं असतं. मी पेन त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणालो, "हे त्यांनाच विचारा. इथे लिहा, म्हणजे विसरणार नाही."

त्याने समासात प्रश्न लिहिला. चार शब्दांत दोन चुका होत्या. मी हाताची घडी घालून बसलो.